वर्दी उतरवून मुंबईला

१८ फेब्रुवारी १९४६ च्या सकाळी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या सिग्नल शाळेतल्या खलाशांनी जेवणाला हात लावायचे नाकारले. अन्न निकृष्ट होते आणि गोरे अधिकारी आई-बहिणीवरून शिव्या देत, पण कारणे एवढीच नव्हती. आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवरचे लाल किल्ल्यातले खटले ताजे होते. बी. सी. दत्त या तरुण खलाशाने त्याआधीच ‘तलवार’च्या भिंतींवर ‘जय हिंद’ आणि ‘छोडो भारत’ रंगवून अटक ओढवून घेतली होती. दोन-तीन दिवसांत बंड मुंबई बंदरातल्या जहाजांवर पसरले, तिथून कराची, मद्रास, कलकत्त्याला पोहोचले. शेवटी ७८ जहाजे, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात उतरले. अपोलो बंदरावर मुंबईकर खाण्याच्या पुड्या घेऊन जमले, कारण बंडखोरांची रसद तोडली होती. २२ तारखेला गिरणगाव बंद पडला. रस्त्यांवर लष्कराने गोळ्या चालवल्या आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. परळच्या कमल दोंदे त्यांतल्या एक. या माणसांची नावे आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात अजून कोपऱ्यातच आहेत, आणि हे मला नेहमी लागते.

याच बंडात कराचीला एक पंधरा वर्षांचा पोरगा होता. पुढे अर्ध्या भारताच्या तोंडी त्याचे शब्द बसणार होते. नाव आनंद प्रकाश बक्षी.

कराचीच्या बंदरात मनोरा बेटावर नौदलाच्या किनारी शाळा होत्या. ‘बहादूर’ ही त्यांतली मुलांची शाळा. आनंद १९४४ च्या जुलैत नौदलात भरती झाला होता. जन्म रावळपिंडीचा, २१ जुलै १९३०. घरात पोलीस आणि बँकेतली नोकरी करणारी माणसे. आई तो पाचेक वर्षांचा असतानाच गेली. अभ्यासात लक्ष कमी, गाण्यात आणि नाटकात जास्त. नौदल त्याने का निवडले, याची हकीकत बक्षींच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात आहे. मुंबईला जाऊन सिनेमात गायचे हे पोराच्या डोक्यात होते, आणि जहाजे कधी ना कधी मुंबईच्या बंदराला लागतात एवढे त्याला ठाऊक होते. देशभक्ती, शौर्य, पगार यांतले काही मनात असेलही. पण मुळात तो निघाला होता मुंबईला. वर्दी हे त्यासाठी सापडलेले वाहन होते.

जहाज काही त्याला घेऊन मुंबईला आले नाही. मुंबईतले बंड मात्र कराचीला आले. ‘हिंदुस्तान’ या युद्धनौकेवर २२ फेब्रुवारीला लष्कराने तोफा डागल्या, आणि कराचीतला प्रतिकार तिथे मोडला. दुसऱ्या दिवशी मुंबईतही सरदार पटेलांच्या सांगण्यावरून खलाशांच्या समितीने शरणागती पत्करली. कुणालाही सूडबुद्धीने वागवले जाणार नाही असे नेत्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात शेकडो खलाशांना पकडून छावण्यांत ठेवले गेले आणि कितीतरी जणांना बडतर्फ करून घरी पाठवले. एप्रिल १९४६ मध्ये आनंदही बडतर्फ झाला. पुढे स्वातंत्र्य आले, पण या बडतर्फ खलाशांना ना भारताच्या नौदलाने परत घेतले, ना पाकिस्तानच्या.

रावळपिंडीला परतलेल्या या मुलापुढे वर्षभरात फाळणी उभी राहिली. १९४७ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुटुंबाने घर सोडले. जे हाताला लागेल ते घेऊन निघायचे होते. घरच्यांनी पैसाअडका, दागिने, कागदपत्रे उचलली, आनंदने आईचा फोटो उचलला. वडील रागावले तेव्हा तो म्हणाला की पैसा कमावता येईल, आईचा फोटो मात्र दुसरीकडे कुठे मिळाला असता? हा प्रसंग बक्षी पुढे अनेकदा सांगत. त्यांच्या चित्रपटगीतांत आई इतक्यांदा का येते, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी रावळपिंडीचे ते घर आठवावे.

कुटुंब निर्वासित म्हणून आधी पुण्याला, मग मेरठला आणि अखेर दिल्लीला स्थिरावले. पुण्याच्या परिसरात तेव्हा देशोधडीला लागलेली हजारो सिंधी-पंजाबी कुटुंबे लष्करी बराकींत दिवस काढत होती. मुंबई तिथून हाकेच्या अंतरावर होती. पण पोट भरायचे कसे? सतरा वर्षांच्या, शाळा अर्धी सोडलेल्या, नौदलाने हाकललेल्या मुलाला नोकरी कोण देणार? काश्मीरमध्ये लढाई पेटली होती आणि लष्कराला माणसे हवी होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये तो पुन्हा भरती झाला, या वेळी लष्कराच्या वर्दीत, सिग्नल्स दलात. प्रशिक्षणाचे ठिकाण होते जबलपूर.

बक्षींविषयी लिहिताना बहुतेक जण फौजेची वर्षे दोन वाक्यांत उरकतात आणि मुंबईकडे धावतात. मला ते चुकीचे वाटते. १९४७ ते १९५६ या नऊ वर्षांत मधला थोडा काळ सोडला तर हा माणूस सैनिक होता. सतराव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत. लिहिणाऱ्याची भाषा याच वयात घडते, आणि बक्षींची भाषा बराकीत घडली.

बराक म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांना सांगायला नको. सातारा-सांगलीकडची कितीतरी घरे ती जाणतात. एका लांब खोलीत वीस-तीस खाटा. शेजारच्या खाटेवर गढवाली, पलीकडे मद्रासी, त्याच्या पलीकडे एखादा शिंदे नाहीतर मोरे. सगळ्यांना कळेल अशी एकच बोली, छावणीतली हिंदुस्तानी. तिच्यात फारसीचा डौल चालत नाही, संस्कृताचे वजन चालत नाही. जे सांगायचे ते साध्या शब्दांत आणि पहिल्या ऐकण्यात पोहोचले पाहिजे. अधूनमधून ‘बडा खाना’ होतो, त्यात अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. मग कुणीतरी गाणारा पुढे ढकलला जातो. जबलपूरच्या छावणीत तो गाणारा बक्षी असे. स्वतःच्या कविता स्वतःच चाल लावून गायच्या आणि समोर घरापासून शेकडो मैल दूर असलेली माणसे. त्यांना काय ऐकायचे असते? गावाची आठवण, बायकोचे पत्र, आईचे बोलावणे, थोडी थट्टा. श्रोत्याच्या चेहऱ्यावर लगेच कळते की ओळ लागली की नाही.

आपल्याकडे तर फौज आणि गाणे यांचे नाते जुनेच आहे. मराठ्यांच्या तळांवर शाहिरांचे फड उभे राहत, लढाई करून आलेल्या शिलेदारांपुढे पोवाडा आणि लावणी एकाच रात्री होई. ते गाणे कागदासाठी नसे, समोर बसलेल्या माणसासाठी असे. बक्षींना या परंपरेची ओळख होती असे मी म्हणत नाही. पण ज्या परिस्थितीत शाहीर तयार होतो त्याच परिस्थितीत हा पंजाबी जवान तयार झाला, आणि म्हणून मराठी माणसाला त्याचे गाणे परके वाटले नाही.

फौजेच्या पत्रिकेतही त्यांच्या कविता छापून येऊ लागल्या. आपले लिहिलेले छापलेले पाहणे आणि गायलेल्यावर टाळी घेणे, या दोन्हींची चव लागली. १९५० च्या जानेवारीत त्यांनी एका कागदावर आपला संकल्प लिहून सही केली. माणसाने आयुष्यात ध्येय ठरवावे, माझे ध्येय कलावंत होण्याचे, सिनेमा, रेडिओ किंवा नाटक यांत जाऊन गायक, गीतकार, संगीतकार, दिग्दर्शक व्हायचे, असा त्याचा आशय. एकोणीस वर्षांच्या साध्या जवानाचे हे लिहिणे आहे. या यादीत ‘गायक’ आधी आहे आणि ‘गीतकार’ नंतर, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याच वर्षी राजीनामा देऊन ते मुंबईला आले. स्टुडिओंच्या फाटकांबाहेर उभे राहिले, काही महिने काढले, पैसे संपले. कुणी दारात उभे केले नाही. परत जाऊन १९५१ मध्ये त्यांनी पुन्हा वर्दी चढवली, या वेळी लष्कराच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात. नौदल, सिग्नल्स आणि हे तिसरे. सैन्यात तीनदा भरती झालेला दुसरा गीतकार माझ्या माहितीत नाही. १९५४ मध्ये लग्न झाले. घरच्यांच्या मते आता विषय मिटला होता. पक्की नोकरी, रेशन, पेन्शन, संसार. निर्वासित घरातल्या मुलाने अशी नोकरी सोडावी हे कुणाला पटणार?

१९५६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ती सोडली. पत्नीला लखनौला माहेरी ठेवून, कवितांची वही घेऊन ते दुसऱ्यांदा मुंबईत उतरले. दादरच्या एका गेस्ट हाउसात खाट आणि दिवसभर निर्मात्यांच्या कचेऱ्यांतल्या फेऱ्या.

त्या कचेऱ्यांतली एक भगवानदादांची. भगवान आभाजी पालव हा दादर-परळच्या कामगार वस्तीत वाढलेला, कामगाराचाच पोर. स्वतः मजुरी केलेला, मूकपटांपासून सुरुवात करून स्वस्तातले मारधाडपट काढत वर आलेला. १९५१ मध्ये सी. रामचंद्रांच्या संगीतावर त्याने ‘अलबेला’ काढला आणि सारा देश त्याच्या त्या फारसे अंग न हलवता नाचण्यावर लुब्ध झाला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, दाराशी सात मोटारी. १९५६ पर्यंत उतरणीला सुरुवात झाली होती, पण कचेरी चालू होती आणि दार उघडे होते. नवीन चित्रपट होता ‘भला आदमी’. ठरलेला गीतकार वेळेवर आला नव्हता. भगवानदादांनी समोर ताटकळत बसलेल्या माणसाला विचारले, काय करतोस? गाणी लिहितो, असे उत्तर आले. दादांनी प्रसंग सांगितला. ठरल्या मुदतीत बक्षींनी चार गाणी लिहून दिली आणि चार गाण्यांचे मिळून १५० रुपये मिळाले. ९ नोव्हेंबर १९५६ ला पहिले गाणे ध्वनिमुद्रित झाले.

भगवानदादांच्या या निर्णयाकडे मी मोठ्या आदराने पाहतो. स्वतःचा पैसा बुडत असताना, नाव नसलेल्या माजी जवानाला चार गाणी देणे हे धाडस होते. ओळखपाळख नाही, वशिला नाही. गिरणगावातल्या माणसाने कामाला आलेल्या माणसाला काम दिले, इतकी सरळ गोष्ट.

त्या चित्रपटाचे संगीतकार होते निसार बज्मी. हे नाव आता महाराष्ट्रात फारसे कुणाला आठवत नाही, आणि मी तापीच्या काठी, सुरतेच्या हजिरा रस्त्यावरच्या इच्छापोरमध्ये बसून हे लिहितो म्हणून मला ते मुद्दाम सांगावेसे वाटते. बज्मी खानदेशचे, जळगावजवळच्या नशिराबादचे. भुसावळ-सुरत रेल्वेने पोटासाठी सुरतेला येऊन उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात वसलेल्या खानदेशी माणसांना नशिराबाद म्हणजे घरचेच गाव. तिथला हा मुलगा लहानपणी मुंबईला गेला, आकाशवाणीवर वाजवू लागला, मग चित्रपटांना संगीत देऊ लागला. त्याच्या वाद्यवृंदात लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल ही दोन पोरे वाजवत. मोठे चित्रपट मात्र त्याच्या वाट्याला आले नाहीत. १९६२ मध्ये बज्मी पाकिस्तानला गेले आणि तिथे अव्वल दर्जाचे संगीतकार ठरले. २००७ मध्ये कराचीत त्यांचे निधन झाले. रावळपिंडीचा मुलगा कराचीहून हाकलला जाऊन मुंबईत गीतकार झाला आणि खानदेशचा मुलगा मुंबईत उपेक्षित राहून पाकिस्तानात मोठा झाला. पहिल्या चार गाण्यांपुरते ते दोघे एका खोलीत होते.

‘भला आदमी’ १९५८ मध्ये पडद्यावर आला आणि पडला. बक्षींच्या हाती पुन्हा काही नाही. याच काळातली मरीन लाइन्स स्टेशनची गोष्ट आहे. बाकावर बसून ते वहीत लिहीत होते. पश्चिम रेल्वेचा तिकीट तपासनीस समोर आला. तिकीट नव्हते. त्याने वही पाहिली, कविता ऐकवायला सांगितली, आणि मग दंड करण्याऐवजी आपल्या बोरिवलीच्या खोलीवर राहायला नेले. काही वर्षे बक्षी तिथेच राहिले. या माणसाने जेवू घातले, खर्चाला पैसे दिले आणि कधी परत मागितले नाहीत. बक्षी मोठे झाल्यावरही त्याचे ऋण सांगत राहिले. सरकारी नोकरीतल्या पगारदार माणसाने आपली अर्धी खोली एका बेकार कवीला द्यावी, हे त्या काळच्या मुंबईत घडत होते.

पुढचा चढ हळूहळू आला. १९६२ मध्ये कल्याणजी-आनंदजींचा ‘मेहंदी लगी मेरे हाथ’, त्याच वर्षी ‘काला समुंदर’मधली गाजलेली कव्वाली, जिला चाल होती गोव्याच्या दत्ता नाईक म्हणजेच एन. दत्ता यांची. १९६४ मध्ये ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’. आणि १९६५ मध्ये ‘जब जब फूल खिले’. त्या चित्रपटानंतर बक्षींना कचेऱ्यांबाहेर थांबावे लागले नाही. १९६७ च्या ‘मिलन’ने उरलेसुरले पक्के केले. मग ‘आराधना’, ‘अमर प्रेम’, ‘बॉबी’, ‘शोले’. सगळ्यांची यादी द्यायला हा लेख पुरणार नाही. ६०० हून अधिक चित्रपट, ३,००० हून अधिक गाणी. त्यांतले जवळपास ३०० चित्रपट लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी, म्हणजे बज्मींच्या वाद्यवृंदातल्या त्याच दोन पोरांसाठी. लक्ष्मीकांत कुडाळकर हा तर आपल्याच मातीतला.

समीक्षकांनी बक्षींना साहिर किंवा शैलेंद्र यांच्या पंगतीला बसवायला खळखळ केली. शब्द फार सोपे, असा आक्षेप. बराकीची गोष्ट मी इतकी लांबवली ती यासाठी. ते सोपेपण आळसाचे नव्हते. गढवाली आणि मद्रासी जवानाला एकाच वेळी कळेल असे लिहिण्याची ती सवय होती, आणि सिनेमाचे थिएटर हीदेखील मोठी बराकच असते. दिग्दर्शकाकडून कथा नीट ऐकायची, कोण गातो आहे, कुठे उभा आहे, त्याला काय हवे आहे हे पक्के करायचे, मग लिहायचे. लिहायचे ते उर्दू लिपीत आणि वेळेत. हुकूम मिळाला की काम पुरे करायचे ही फौजी शिस्त त्यांनी चाळीस वर्षे पाळली. मुदत मोडणारा गीतकार म्हणून त्यांची कधी ख्याती झाली नाही, आणि पहिली संधी मिळाली तीच मुदत मोडणाऱ्या एकाच्या जागी.

फौजीच्या आयुष्यात पत्राला जे मोल असते ते बक्षींनी १९८६ च्या ‘नाम’मध्ये उतरवले. पंकज उधासांनी गायलेले ते पत्राचे गाणे परदेशात राबणाऱ्या माणसांचे आहे. पण घरच्या पत्राची वाट पाहत खाटेवर बसलेला जवान ज्याने पाहिला नाही, त्याला ते असे लिहिता आले असते असे मला वाटत नाही. त्या गाण्यावर आखातात राबणाऱ्या कोकणी माणसापासून सुरतेत राबणाऱ्या खानदेशी माणसापर्यंत सगळ्यांनी डोळे पुसले आहेत.

चार फिल्मफेअर पुरस्कार मिळाले: ‘अपनापन’, ‘एक दूजे के लिए’, ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ आणि ‘ताल’. यांतला शेवटचा मिळाला तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. त्या वयात ए. आर. रहमानच्या चालींवर लिहिणे आणि तरुणांच्या तोंडी बसणे त्यांना जमले. ४ फेब्रुवारी २००२ ला भगवानदादा दादरच्या चाळीत गेले, बंगला आणि मोटारी केव्हाच गेल्या होत्या. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३० मार्चला, मुंबईच्या इस्पितळात बक्षी गेले. गाणी देणारा आणि गाणी लिहिणारा, दोघांनाही या शहराने शेवटपर्यंत ठेवून घेतले.

राहिला तो संकल्पाच्या कागदावरचा पहिला शब्द. गीतकार म्हणून इतके यश मिळूनही बक्षींची गाण्याची हौस गेली नव्हती. संगीतकारांच्या बैठकीत ते आपली गाणी वाचून दाखवत नसत, गाऊन दाखवत, बहुधा स्वतः लावलेल्या चालीवर. १९७२ मध्ये मोहन कुमार यांच्या ‘मोम की गुड़िया’साठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी त्यांना माइकसमोर उभे केले. एक गाणे एकट्याचे, दुसरे युगुलगीत, आणि सोबतीला लता मंगेशकर. ज्याने जबलपूरच्या छावणीत बडा खान्याला गायले होते तो माणूस बेचाळिसाव्या वर्षी पार्श्वगायक झाला. आवाज तालमीत घडलेला नव्हता. थोडा कच्चा, मोकळा, पंजाबी माणसाचा. ‘शोले’साठी किशोर कुमार, मन्ना डे आणि भूपेंद्र यांच्याबरोबर त्यांनी एक कव्वाली गायली, ती चित्रपटात आली नाही. १९७६ च्या ‘चरस’मध्ये लता आणि रफी यांच्या गाण्याची सुरुवात मात्र बक्षींच्याच आवाजाने होते.